आई म्हणायचं नाही

११ जुलै, गुरुवार

न्हाणीला कडी! आमच्या न्हाणीला आतून कडी आहे हे मला आज कळलं. गंजून बसलेली, कोणी कधी लावलीच नव्हती. मधूनं खोबरेल घालून ती सैल केली आणि आत जाऊन खटकन लावली. मी बाहेर गरम पाण्याची बादली घेऊन उभी!

'पाठ कोण चोळणार?'

'मी.'

'हात पोचतो का तुझा?'

'पोचतो!'

जन्मल्यापासून ती पाठ मी चोळते आहे. आता हिचा हात पोचतो म्हणे. न्हाऊन बाहेर आली तर कानामागे साबण तसाच. मी काही बोलले नाही. — बोलले. पण थोडंच.

१२ जुलै, शुक्रवार

यांनी विचारलं, 'रोज काय खरडतेस?' म्हटलं, 'तुमच्याबद्दल.'

खरं तर त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सकाळी भांड्यांच्या दुकानात जातात, समया पुसतात, विकतात, संध्याकाळी येतात, कॉफी मागतात. चांगला माणूस. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात आम्ही; घरात मराठी बोलतात, पण अक्षर विचाराल तर तमिळच. मधूला शाळेत तमिळ नि इंग्रजी. ही बाळबोध अक्षरं या घरात मला एकटीला येतात. पाचवीनंतर शाळा सुटली माझी, पण वडिलांनी देवघरात बसवून एवढं शिकवलं — चुकलं की कान पिरगळायचा. म्हणून येथे मोकळं बोलते. घराच्या मधोमध वही उघडी टाकली तरी कोणाला कळायचं नाही.

१६ जुलै, मंगळवार

ही नवी शाळा काही बरी नाही. म्हणजे शाळा मोठी आहे, भिंती स्वच्छ, बाया इंग्रजी फाडतात. पण पोर बदलली माझी. जूनमध्ये सहावीत घातली, आणि तेव्हापासून बघते — घरी येते, दप्तर टाकते, आरशापुढे उभी राहते. केसांचा भांग उजवीकडे, मग डावीकडे, मग मधोमध. मी अबोली माळायला गेले तर मान काढून घेतली. 'कोणी माळत नाही!' कोणी म्हणजे कोण? त्या वर्गातल्या पोरी. आता या घरात त्या पोरींचं राज्य.

आणि प्रिया, तीही याच नव्या शाळेत, आता घरी येत नाही. लक्ष्मीप्रिया — शेजारच्या गावची, तिरुनागेश्वरम्ची. तिची आई कुवेतला नोकरीला. पोर लहानपणापासून आजीजवळ. आजी देवळाबाहेर दिवे विकते, संध्याकाळपर्यंत मोकळी होत नाही, म्हणून जुन्या शाळेतून प्रिया रोज मधूबरोबर आमच्या घरी यायची. येथेच जेवायची, येथेच अभ्यास, मग सहाच्या बसनं घरी. आमचं मराठी तिला मधूइतकंच येतं. मधूचं ऐकून मलाही 'आई' म्हणायची. आजी हसायची — 'माझी पोर तुम्ही मराठी केलीत!'

काल बसथांब्यावर दिसली. मी म्हटलं, 'काय गे, घर विसरलीस?' तर इकडेतिकडे बघून म्हणाली, 'नाही आंटी.'

आंटी! माझ्या हातची आंबट भाजी खाऊन वाढली आणि मी आंटी!

२२ जुलै, सोमवार

मधूनं चार दोसे खाल्ले. पाचवा वाढताना मी नुसतं 'वाढते आहेस हो' म्हटलं. तर ताट सारून रडायला लागली. दोसा मीच खाल्ला.

३ ऑगस्ट, शनिवार

आज आडिपेरुक्कू, भरल्या नदीची ओटी भरायचा सण. कावेरीला पाणी चांगलं आहे यंदा. लिंबाचा भात, चिंचेचा भात, दहीभात बांधून घाटावर गेलो. गर्दी म्हणजे काय विचारू नको. मी ओटी सोडायला पायऱ्या उतरून खाली, मधू वर डब्याजवळ बसलेली.

तेवढ्यात कोणी पोरगी ओरडली, 'अम्मा! अम्मा!' अर्धा घाट वळला. मी एकटी वळले नाही. मी कशाला वळू? मला कोठे कोण अम्मा म्हणतं!

तर मागून येऊन दंडाला धरून ओढलं. मधू! लालबुंद. 'किती हाका मारल्या, ऐकू येत नाही का?'

'मला कोठे मारल्यास? तू तर अम्माला बोलावत होतीस.'

वर बोट दाखवलं. माकडानं दहीभाताचा डबा नेला होता, ते सांगायला हाका मारत होती.

डब्याचं जाऊ दे. पण घरी येताना आठवू लागले — हिनं मला शेवटची 'आई' म्हणून हाक कधी मारली? आठवेना. 'पाणी कोठे', 'फणी दे', 'मी जाते' — सगळं बोलते, पण पुढचा शब्द गाळून. मी कोणीच नसल्यासारखी. भिंतीशी बोलावं तसं.

यांना सांगितलं. म्हणाले, 'अम्मा काय, आई काय, एकच ना?' यांना काय जातं असं म्हणायला!

८ ऑगस्ट, गुरुवार

आज कारण कळलं. लिहायलाही हात उचलत नाही, पण लिहिते.

सकाळी पूड करत होते. सांबाराची, रसमची — घरून नेणाऱ्या बाया आहेत चार-पाच, त्यांच्यासाठी. आज हिंग तळायचा दिवस. पावसाचं चिन्ह दिसलं, मधूची छत्री घरी राहिलेली, तशीच उठून शाळेच्या दाराशी गेले. शाळा सुटत होती. पोरींचा घोळका बाहेर आला आणि मला बघून एकीनं नाक धरलं. मग दुसरीनं. मग सगळ्यांनी! चिमटीत नाक धरून, खांदे उडवत, हसत. मधू मागे होती. मान खाली घालून, मला बघितलंच नाही असं करून, शेजारून निघून गेली. छत्री माझ्याच हातात.

हिंग! माझ्या साडीला, बोटांना, केसांना. मला कळत नाही, माझं नाक मेलं त्या वासाला. पण लोकांना येत असणार. पोर लाजते माझी. नव्या शाळेत सगळ्यांच्या आया पर्स घेऊन, स्कूटर घेऊन येतात. आणि मी — पुडीचा डबा!

मी काही रडले नाही. चिडले फार.

२० ऑगस्ट, मंगळवार

चिंचेनं हात घासते. मग लिंबाची साल. मग चंदनाचा साबण. हिंग आता मधू शाळेत गेली की लगेच तळून टाकते, मागच्या अंगणात, चूल बाहेर मांडून. साडी वेगळी. शाळेशी जायचंच झालं तर दारापर्यंत जात नाही, फुलवालीच्या कोपऱ्यावर उभी राहते. फुलवाली विचारते, 'अक्का, तुम्ही येथे का थांबता, पोर तर तिकडून येते?' म्हटलं, 'तुझी फुलं बघायला.' तिनं एक मुळं, म्हणजे हातभर, ओवलेलं फूल माझ्या गळ्यात मारलं. ते घ्यावं लागलं.

संध्याकाळी यांच्यापुढे हात धरला — 'वास येतो का?'

हुंगून म्हणाले, 'नाही.' मग जरा दुःखी होऊन म्हणाले, 'का गं? आज सांबार नाही का?'

२ सप्टेंबर, सोमवार

दुपारी ताप म्हणून शाळेतून लवकर आली. ताप-बीप काही नाही. पोटात दुखतं, डोकं दुखतं, सगळं दुखतं. माझ्या शेजारी पडली. हल्ली वेगळी झोपते — 'मी मोठी आहे' — पण आज आली. तोंड भिंतीकडे केलं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. पण थंड पाय हळूच मागे आणून माझ्या पोटऱ्यांना टेकवले. लहान असताना टेकवायची तसेच.

थोड्या वेळानं भिंतीला विचारलं, 'मी दिसायला वाईट आहे का?'

मी म्हटलं, 'नाक तुझ्या अप्पांचं आहे, त्याला मी काय करू. बाकी बरी आहेस.'

हसली वाटतं. पाठ हलली. मग तशीच हलत राहिली, आणि मला कळलं की हसत नाहीये.

मी विचारलं नाही. मला विचारता येत नाही नीट, माझा प्रश्न म्हणजे दटावणीच होते. नुसते पाय राहू दिले.

११ सप्टेंबर, बुधवार

डबा विसरून गेली. उपाशी कसं ठेवू? कोपऱ्यावरून कोणाच्या हाती देणार? गेलेच दाराशी. चांगली न्हालेली, धुतलेली साडी, केसांत जाई. मधल्या सुटीत त्या पोरी बाहेरच होत्या सगळ्या. मला बघितलं आणि — पुन्हा तेच! नाकं!

आज त्यांत प्रियाही. आधी तिनं धरलं नव्हतं. उभी होती. शेजारच्या पोरीनं कोपरानं ढोसलं, तेव्हा तिनं हात वर नेला. माझ्याकडे बघत होती, आणि नाक धरलं.

मधूनं ते बघितलं.

डबा शिपायाजवळ दिला आणि आले. जाई काढून तुळशीत टाकली.

१२ सप्टेंबर, गुरुवार

शाळेतून बोलावणं. मधूनं प्रियाला मारलं! वर्गात, सगळ्यांदेखत. कानातला डूल धरून ओढला, कानाची पाळी फाटली. रक्त! बाई म्हणाल्या, 'काही कारण नसताना.' मधूला विचारलं, 'कारण सांग.' उभी दगडासारखी. मला म्हणाल्या, 'या वयात मुलं अशी होतात, तुम्ही घरी जरा बोलत जा त्यांच्याशी.' तमिळ बोलताना मध्ये इंग्रजी घालून बोलल्या. मला अर्धं कळलं. जे कळलं ते पुरलं.

घरी विचारलं, ओरडले, हात उगारला. एक अक्षर नाही. हे मध्ये आले, 'राहू दे सुंदरी.' त्यांनाही बोलून घेतलं.

दुसऱ्याच्या पोरीचा कान फाडायचा? आणि तीही आई जवळ नसलेली पोर? शनिवारी तिच्या घरी जायचं, माफी मागायची. मी नेणार. ओढत नेणार.

१४ सप्टेंबर, शनिवार

शनिवारचा राहूकाळ सकाळीच संपतो, दिवे खपले की प्रियाची आजी दुपारी घरी, म्हणून दुपारच्या बसनं गेलो. बसमध्ये दोघी खिडकीबाहेर बघत. मी एकीतून, ती दुसरीतून.

प्रियाच्या आजींनी, अलमेलूम्मांनी, दार उघडलं. बिचाऱ्यांनी ताक आणून दिलं. प्रिया कोपऱ्यात, कानाला कापूस. मी मधूला पाठीत ढोसलं. ती पुढे झाली आणि म्हणाली, 'सॉरी.' मी म्हटलं, 'नीट! कान धरून!' तिनं स्वतःचे कान धरले, प्रियाच्या फाटक्या कानाकडे बघत, आणि पुन्हा म्हणाली. चेहऱ्यावर काही नाही. थंड. मला जास्तच राग आला. पण काम झालं.

मग मी मोठेपणा करायला गेले. म्हटलं, 'अलमेलूम्मा, दोष माझाही आहे. माझ्या अंगाला हिंगाचा वास. पोरी नाक धरतात. मधूला माझी लाज वाटते, तो राग ती दुसऱ्यांवर काढते. परवा प्रियानंही —'

एवढंच बोलले. मधू ताडकन उठली. परक्या घरात, मराठीत, एवढ्या मोठ्यानं — 'वास नाही गे! वास नाही!'

'मग काय?'

'नाव!'

'कोणाचं नाव?'

'तुझं! आई!'

तो शब्द किती दिवसांनी ऐकला तिच्या तोंडून — आणि तो असा, शिवी हासडावी तसा! मला काही कळेना. अलमेलूम्मांना मराठी येत नाही, पण तेवढा एक शब्द ऐकून त्या चमकल्या. आधी त्यांच्या ध्यानात आलं, मग माझ्या.

तमिळमध्ये आय म्हणजे लहान पोरांची शी.

मग सगळं सांडलं. अर्धं तमिळ, अर्धं मराठी, नाक पुसत. शाळेच्या पहिल्या आठवड्यात मी दाराशी न्यायला गेले होते, तेव्हा हिनं लांबून हाक मारली — 'आई!' चैत्रा म्हणून कोणी आहे वर्गात, तिनं ऐकलं. 'ही आपल्या अम्माला आय म्हणते!' झालं! तेव्हापासून मी दिसले की 'आय आली, आय आली', आणि नाकं.

'तुला कळू नये म्हणून मी म्हणायचं सोडलं,' मधू म्हणाली. 'मी म्हटलंच नाही तर त्या विसरतील असं वाटलं. तुला बघून लोकांनी नाक धरायचं — तू कोण आहेस त्यांना माहीत तरी आहे का!'

प्रिया कोपऱ्यातून म्हणाली, आमच्या मराठीत, 'त्यांनी मला विचारलं. तू तिच्या घरी असायचीस ना, तूही तिला आय म्हणायचीस का? मी नाही म्हटलं. तर म्हणाल्या, मग धर नाक.'

मधू म्हणाली, 'सगळ्यांनी धरलं तेव्हा मी काही केलं नव्हतं.'

अलमेलूम्मांना मी तमिळमध्ये सांगितलं काय झालं ते. त्यांनी हात उगारला. मी धरला. 'मारू नका, एक कान आधीच फाटलाय.'

आणि मग मला हसू फुटलं! काय करू! महिनाभर चिंचेनं हात घासते आहे, आणि पोरी कशाला नाकं धरत होत्या! अलमेलूम्माही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. दोघी म्हाताऱ्या हसतो आहोत आणि दोन पोरी आमच्याकडे बघताहेत — जणू आम्हालाच अक्कल नाही.

निघताना दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. प्रिया दारापर्यंतही आली नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

हसू काल. आज हसू येत नाही.

मला तो शब्द माहीत नव्हता का? लहानपणापासून माहीत. बिऱ्हाडकरणीच्या पोराला मीच विचारते, 'आय झाली का रे?' पण ते दोन शब्द एका जागी कधी आलेच नाहीत माझ्या डोक्यात. घरात शिरताना आपण चपला बाहेर काढतो ना, तशी भाषाही. आतली आत, बाहेरची बाहेर. उंबऱ्यावर उभं राहून दोन्ही एकदम ऐकायची वेळ माझ्यावर आली नाही. माझी शाळा याच गल्लीत, निम्म्या पोरी आमच्याच घरांतल्या. या पोरीवर आली वेळ. एकटीवर. आणि तिनं त्या उंबऱ्यावर उभं राहून मला पाठीशी घातलं — मला वाटलं लाजली.

यांचं बरं आहे! अप्पा दोन्हीकडे चालतो.

माफी मागायला लावली ती परत घेऊ का? नाही. कान तो कान. पण पाठीत ढोसलं ते नको होतं.

दुपारी आंबट भाजी केली. हिंग घालून, भरपूर. जेवताना म्हटलं, 'हे बघ, शाळेत मला अम्मा म्हण. मी काही मरत नाही.'

'नको.'

'मग आई म्हण, आणि हसणाऱ्यांना हसू दे.'

'नको.'

'मग काय म्हणणार?'

'काहीच नाही.'

'असं कसं चालेल गे?'

'तुला कळत नाही,' म्हणाली. 'अम्मा सगळ्यांचीच असते.' आणि भात मागितला.

६ ऑक्टोबर, रविवार

नवरात्राचा कोलू मांडला आहे. पायऱ्या यांनी लावल्या, बाहुल्या मधूनं — पण यंदा मला हात लावू दिला नाही. राजा-राणी खाली, वाणी-वाणीण वर! म्हटलं हे काय? 'तेच का नेहमी वर?' ठीक आहे. येणाऱ्या बाया विचारतात, मी म्हणते माझ्या पोरीला विचारा.

आज अलमेलूम्मा आल्या, प्रियाला घेऊन. प्रिया उंच दिसली. कान भरला आहे, बारीक खूण राहील. मी प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल दिलं. तिनं हातात घेतलं, तोंड उघडलं — तिला मला काहीतरी हाक मारायची होती — आणि मिटलं. आंटीही म्हणाली नाही.

आता दोघींकडे मला हाक मारायला शब्द नाही.

मधू आतून बाहेर आली नाही. पण प्रिया गेल्यावर बघते तर वाणिणीच्या शेजारची लहान लाकडी गाय नाही. दोघी लहानपणी तिच्यावरून भांडायच्या. मी विचारलं, 'गाय कोठे?' मधू म्हणाली, 'मला काय माहीत.' प्रियाच्या हातात सुंडलाच्या द्रोणाखाली काहीतरी होतं खरं. चोरली की दिली? मी विचारत नाही. शिकते आहे न विचारायला. जमत नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

शाळेच्या दाराशी गेले. कोपऱ्यावर नाही, दाराशी. त्या वर्गातल्या दोन पोरींनी नाक धरलं. मी त्यांच्याजवळ जाऊन तमिळमध्ये विचारलं, 'सर्दी झाली का? सुंठपूड देते, घरी करते मी.' पळाल्या.

मधू म्हणाली, 'असं करू नको!' पण सबंध रस्ताभर माझ्या पिशवीचा एक बंद तिनं धरला होता.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी. पहाटे तेल लावायला हाक मारली. आली, पाटावर बसली. डोक्याला, मानेला लावून दिलं. मग न्हाणीत गेली — आणि कडी वाजली नाही. मी वाट बघितली. नाही वाजली. आतून म्हणाली, 'पाठ.' नुसतं 'पाठ'. गेले, चोळली. हाडं हाडं होती, आता भरते आहे. दोघी एकमेकींकडे न बघता.

तेव्हाच सांगून टाकलं सगळं — बाईला काय होतं, कधी होऊ शकतं, घाबरायचं नाही, माझ्या कपाटात खालच्या फळीवर तुझ्यासाठी पाकीट आणून ठेवलं आहे. मला नीट सांगता आलं नाही. माझ्या आईनं मला एवढंही सांगितलं नव्हतं. मधू म्हणाली, 'माहीत आहे.' सगळंच माहीत असतं या पोरींना. मग पाणी ओतून घेताना थांबली.

'प्रियाला कोणी सांगितलंय का?'

'तिची आजी सांगेल.'

'आजीला ती विचारणार नाही. आणि तिची अम्मा फोनवर नुसतं अभ्यास विचारते.'

'मग तू सांग.'

'आम्ही बोलत नाही,' म्हणाली, आणि तांब्या डोक्यावर पालथा केला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

हिंग तळत होते. शाळेतून फोन. बारीक, रडका आवाज.

'आई.'

मी ओरडलेच, 'मधू? काय झालं गे? पडलीस?'

'मधू नाही. मी — प्रिया.' मागून बाई तमिळमध्ये विचारताहेत, 'कोणाला लावलास फोन? तुझी अम्मा तर कुवेतला ना?' आणि त्यांच्याही मागून दुसरी एक, घसा फाडून, मराठीत — म्हणजे त्या अख्ख्या शाळेत या दोघींखेरीज कोणाला कळणार नाही असं — 'आई! प्रिया मोठी झाली! मी तिच्या मागे चिकटून उभी आहे, कोणाला दिसू देत नाही! माझं ते पाकीट घेऊन ये — आणि हात धुवत बसू नको!'

कढई तशीच ठेवली, गेले. दाराशी कोणी नाक धरलं का, ते बघायचंच राहून गेलं.